क्रिस्टलच्या दागिन्यात शिसं किती, आणि विचारायचं कुणाला?

वाचकांचे प्रश्न साधारण एकाच धर्तीचे असतात. सोसायटीच्या प्रदर्शनात क्रिस्टलचा सेट घेतला, कार्डावर ‘लेड-फ्री’ छापलंय, खरं मानायचं का? मुलगी गॅदरिंगचा हार सारखा तोंडात घालते, काही होईल का? घरी मण्यांचे दागिने करते, अमेरिकेतल्या नणंदेनं वीस सेट मागवलेत, कागदपत्रं लागतील का?

मांजरी बुद्रुक २०२१च्या जूनअखेर पुणे महापालिकेत आली. शेवाळवाडी, केशवनगर, हडपसर हा सगळा पट्टाच गृहसंकुलांनी भरत गेला, तशी दागिन्यांची घरगुती विक्रीही वाढली. सणाच्या आधी क्लबहाउसमध्ये टेबलं मांडली जातात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो फिरतात. माल रविवार पेठेतला, तुळशीबागेतला, नाहीतर थेट मुंबईहून मालाडचा. बिल मात्र क्वचितच मिळतं, आणि या लेखातली निम्मी अडचण तिथेच आहे.

आधी थेट उत्तर. मोठ्या माणसानं गळ्यात किंवा कानात घातलेला क्रिस्टलचा खडा हा घाबरण्याचा विषय नाही. लहान मूल, त्याचं तोंड आणि स्वस्तातला धातू एकत्र आले की तो घाबरण्याचा विषय होतो. नकली दागिन्यातल्या शिशासाठी सोन्याच्या हॉलमार्कसारखी सक्तीची छाप आपल्याकडे नाही. त्यामुळे विक्रेत्यानं काय लिहून दिलंय, यालाच फार महत्त्व येतं.

‘क्रिस्टल’ म्हणून नेमकं काय विकलं जातं?

बाजारात या एका नावाखाली निदान सहा वेगळ्या वस्तू असतात. घेताना यातली कोणती, हे आधी विचारा.

- शिशाची काच. काचेत लेड ऑक्साईड मिसळलं की ती जड होते, पैलू सुबक पडतात आणि चमक वाढते. १९६९च्या युरोपीय नियमाप्रमाणे निदान २४ टक्के लेड ऑक्साईड असेल तरच त्या काचेला ‘लेड क्रिस्टल’ म्हणता येतं. शुद्ध शिशात मोजलं तर हे वजनाच्या सुमारे २२ टक्के भरतं.
- शिसं नसलेली क्रिस्टल काच. हिच्यात चमकेसाठी शिशाऐवजी इतर धातूंची ऑक्साईडं वापरतात. ऑस्ट्रियातल्या वाटेन्स गावी १८९५ साली सुरू झालेल्या स्वारोव्स्की कंपनीनं २०१२मध्ये आपल्या खड्यांचं मिश्रण बदललं आणि शिशाचं प्रमाण ०.००९ टक्के किंवा त्याहून कमी ठेवल्याचं जाहीर केलं. त्याआधीच्या खड्यांत शिसं भरपूर असे. म्हणजे कपाटातला २००५चा सेट आणि कालचा सेट एकाच नावाचे असले तरी काच वेगळी आहे.
- साधी काच. बांगडीची, बाटलीची काच याच घराण्यातली. मूळ काचेत मुद्दाम शिसं घातलेलं नसतं, पण वरचा रंग आणि मागचा आरशासारखा लेप यांची हमी त्यातून मिळत नाही.
- अमेरिकन डायमंड. ही काच नव्हे. झिर्कोनियम ऑक्साईडचा कारखान्यात वाढवलेला खडा आहे, आणि त्यात शिशाचं काही काम नसतं. तो बसवलेल्या कोंदणाची चौकशी मात्र करावी लागते.
- स्फटिक, गुलाबी स्फटिक, ॲमेथिस्ट. ही क्वार्ट्झ जातीची खनिजं. अस्सल असतील तर शिशाची चिंता नाही. पण स्फटिकाची माळ म्हणून काचेचे मणी सर्रास गळ्यात मारले जातात.
- ॲक्रिलिक. हातात घेतल्यावर हलकं आणि कोमट लागतं. खडा प्लास्टिकचा म्हणून कोंदण सुरक्षित, असा अर्थ काढू नका.

‘ऊर्जा देणारे’ खडे विकणाऱ्यांकडे अधूनमधून गॅलेना, व्हॅनॅडिनाइट, वुल्फेनाइट अशी नावं दिसतात. ही शिशाचीच खनिजं आहेत. संग्रहात काचेमागे ठेवायला सुंदर, पण गळ्यात घालायला किंवा पाण्याच्या बाटलीत टाकायला नाहीत. मांजरीहून नदीपलीकडे असलेल्या वाघोलीच्या खाणींत मिळणारं निळं कॅव्हन्साइट जगभरातल्या संग्राहकांना ठाऊक आहे. त्यात शिसं नसतं, व्हॅनेडियम असतं. तेही पाण्यात घालून प्यायची वस्तू नव्हे.

रत्नांच्या बाजारातला प्रकार याहून वेगळा. साधारण २००४पासून भेगाळलेल्या हलक्या माणकांत शिशाची काच भरून ते चकचकीत करून विकले जाऊ लागले. रविवारी बोटात घालण्यासाठी घेतलेलं मोठं, लालबुंद आणि संशय यावा इतकं स्वस्त माणिक बहुधा याच जातीचं असतं. प्रयोगशाळेच्या दाखल्यात ‘ग्लास फिल्ड’ किंवा ‘कॉम्पोझिट’ असे शब्द आहेत का ते पाहा. अशी भरलेली काच लिंबाच्या रसानं आणि सफाईच्या द्रावणांनी खराब होते, सोनाराच्या ज्योतीनं वितळते. अंगठी मोठी करायला देताना हे सोनाराला आधी सांगा.

शिसं शरीरात जातं कसं?

त्वचेतून जवळजवळ नाही. काचेतलं शिसं काचेच्या जाळ्यात अडकलेलं असतं आणि नुसत्या स्पर्शानं बाहेर येत नाही. त्याला सोडवतं ते आम्ल आणि वेळ. म्हणूनच क्रिस्टलच्या सुरईत महिनोन्‌महिने ठेवलेल्या मद्यात शिसं उतरतं. लोणचं, कोकमाचं आगळ, लिंबाचं सरबत क्रिस्टलच्या भांड्यात साठवू नका. हार गळ्यात घालण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

दागिन्यातून शिसं आत जाण्याची मुख्य वाट तोंडाची: चोखणं, चावणं, गिळणं, किंवा हाताला लागलेला रंग आणि धातूचा कीस तोंडात जाणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलं पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतात. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांत शोषण आणखी वाढतं. शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असंही ही संघटना म्हणते. गर्भवतींनी दागिने घालायला हरकत नाही. मात्र डाग देणं, घासणं, जुना रंग खरवडणं ही कामं त्या काळात करू नयेत, कारण शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं.

एक गैरसमज इथेच दूर करू. कान चिघळला, मानेवर पुरळ आलं की ‘शिसं असणार’ असं म्हटलं जातं. ते काम बहुतेक वेळा निकेलचं असतं. शिशाचा त्रास असा कातडीवर दिसत नाही, म्हणूनच तो उशिरा कळतो. ‘लेड-फ्री’ लिहिलेला झुमका निकेलमुळे खाजवू शकतो, आणि न खाजवणाऱ्या झुमक्यात शिसं असू शकतं.

खड्यापेक्षा कोंदणाकडे बघा

चर्चा सगळी क्रिस्टलची होते, पण माझ्या मते पहिली शंका धातूवर घ्यावी. स्वस्त ओतीव दागिन्यांच्या मिश्रधातूत शिसं घातलं की तो कमी तापमानाला वितळतो, साच्यात छान बसतो, वजनदार वाटतो. वरचा सोनेरी मुलामा गेला की आतला धातू उघडा पडतो. काचेपेक्षा हा धातू पोटातल्या आम्लात कितीतरी सहज विरघळतो.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये २००६च्या फेब्रुवारीत चार वर्षांचा एक मुलगा असाच गेला. बुटांच्या जोडाबरोबर फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचं हृदयाच्या आकाराचं पदक त्यानं गिळलं होतं. ते पदक ९९ टक्के शिशाचं निघालं. रक्तातलं शिसं प्रति डेसिलीटर १८० मायक्रोग्रॅम होतं. आज अमेरिकेत ३.५च्या वर गेलं तरी लक्ष घालतात. उलट्या होऊ लागल्या तेव्हा आधी पोटाचा साधा संसर्ग समजून त्याला घरी पाठवलं होतं. त्यानंतर अशी सुमारे तीन लाख ब्रेसलेटं परत मागवली गेली.

घरात आधी काय तपासाल?

सगळे डबे उपसत बसू नका. या क्रमानं चाला.

1. बाळाच्या मनगट्या आणि वाळे. काळ्या मण्यांच्या मनगट्यांचं आयुष्यच बाळाच्या तोंडात जातं. त्यात चमकते क्रिस्टल मणी किंवा अनोळखी धातूचे सोनेरी मणी नकोत. घालायच्याच तर बिल असलेल्या चांदी-सोन्याच्या घ्या, आणि झोपताना काढा.
2. हलव्याचे दागिने. बोरन्हाणाला बाळाला घालायचे हार-मुकुट हलव्याबरोबर चकचकीत मणी, जर आणि रंगीत कागद लावून केलेले असतात. फोटो झाला की बाळ त्यातलाच हलवा तोडून खातं. खायचा हलवा वेगळा वाटीत ठेवा, आणि दागिना करणाऱ्या बाईंना मणी-खडे अजिबात न लावता करायला सांगा. त्या आनंदानं करतात, मेहनत कमीच लागते.
3. गॅदरिंग आणि फॅन्सी ड्रेसचे संच. भाड्याच्या दागिन्यांचा मुलामा अनेक हातांतून गेल्यानं उडालेला असतो. कार्यक्रम संपला की लगेच काढून घ्या आणि मुलाचे हात धुवा.
4. गौरींचे दागिने. वर्षभर डब्यात असतात, तोपर्यंत काही नाही. सणानंतर मोडके तुकडे मुलींना भातुकलीत खेळायला देण्याची पद्धत मात्र बंद करा.
5. जुने नकली मोती. पूर्वी मोत्याच्या चमकेसाठी शिशाचं कार्बोनेट असलेला लेप वापरत. साल निघणारा जुना तन्मणी किंवा चिंचपेटी मुलांच्या हाती देऊ नका.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत खरं तर शिशाच्या आधी श्वास अडकण्याचा धोका येतो. मणी नाकात, कानात, घशात जातात. चुंबकाच्या कडीचे दागिने तर घरातूनच काढा, कारण दोन चुंबकं पोटात गेली तर आतडं मधे चिमटतं.

‘लेड-फ्री’चा अर्थ देशागणिक बदलतो

कार्डावर छापलेल्या इंग्रजी ओळी वाचून फसायला होतं ते इथे. एकाच खड्याला ठिकठिकाणी वेगळा न्याय आहे.

अमेरिका. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूत ऑगस्ट २०११पासून दहा लाख भागांत १०० भागांहून जास्त शिसं चालत नाही. क्रिस्टल आणि काचेच्या मण्यांना सूट द्यावी, अशी मागणी दागिने उद्योगानं केली होती. तिथल्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगानं ती २००९मध्ये फेटाळली.

युरोप. ऑक्टोबर २०१३पासून दागिन्याच्या कुठल्याही भागात वजनाच्या ०.०५ टक्क्यांहून जास्त शिसं नको. मात्र क्रिस्टल काच या नियमातून वगळली आहे! विक्रेता ‘युरोपियन स्टँडर्ड’ म्हणाला, त्याचं म्हणणं खरंही निघालं, तरी खड्यात २२ टक्के शिसं असू शकतं. हा मुद्दा बहुतेक विक्रेत्यांनाही ठाऊक नसतो.

कॅलिफोर्निया. मुलांच्या दागिन्यात काच-क्रिस्टल एकूण एक ग्रॅमपर्यंत चालवून घेण्याची तरतूद तिथल्या राज्याच्या कायद्यानं केली होती. तिकडून आलेल्या भेटवस्तूवर ‘प्रपोझिशन ६५’चा इशारा दिसला तर दचकू नका. १९८६च्या त्या कायद्याखाली विक्रेते हा इशारा सढळ हातानं चिकटवतात. त्याचा अर्थ बंदी असा नाही. मुलांच्या दागिन्यावर दिसला तर मात्र तो दागिना बाजूला ठेवा.

भारत. सोन्यावरचा सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, १ एप्रिल २०२३पासून सक्तीचा आहे, पण तो सोन्याच्या शुद्धतेपुरता बोलतो. त्यात बसवलेल्या खड्याबद्दल त्यावरून काही कळत नाही. कुंदन, पोलकी आणि जडाव तर सक्तीच्या हॉलमार्कमधूनच वगळलेले आहेत. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि त्या मानकात शिशाची मर्यादा आहे. म्हणून मुलीला ‘प्रिन्सेस सेट’ घ्यायचा असेल तर खेळणं म्हणून विकलेला, आयएसआय चिन्ह असलेला घ्या. ‘फॅशन ज्वेलरी’ म्हणून विकलेला तसाच संच या चाळणीतून गेलेला असेलच असं नाही.

आणखी एक पळवाट. शिशावर बंदी आल्यावर काही उत्पादकांनी कॅडमियम वापरायला सुरुवात केली. २०१०मध्ये अमेरिकेत मुलांच्या दागिन्यांत ते सापडलं आणि मोठा गदारोळ झाला. ‘लेड-फ्री’ लिहिलंय एवढ्यावर थांबू नका, कॅडमियमबद्दलही विचारा.

विकत घेताना विचारायचे प्रश्न

1. खडा कशाचा आहे: शिशाची काच, शिसं नसलेली काच, अमेरिकन डायमंड, खनिज की प्लास्टिक?
2. खड्याखालचा धातू कोणता? पितळ, तांबं, स्टील, चांदी असं नाव सांगता येतं का? ‘व्हाइट मेटल’ किंवा ‘ॲलॉय’ हे उत्तर नव्हे.
3. ‘लेड-फ्री’ म्हणताय ते खड्याबद्दल, धातूबद्दल की दोन्हींबद्दल? आणि हे बिलावर लिहून द्याल का?

तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार कसं उत्तर देतो, यावरून बरंच कळतं. मोठ्या माणसासाठी घेत असाल आणि उत्तर ‘माहीत नाही’ आलं, तरी आवडलेला हार खुशाल घ्या. मुलासाठी घेत असाल तर त्या उत्तरावर परत फिरा.

‘ओरिजिनल स्वारोव्स्की’ म्हणून पुडीत मिळणाऱ्या सुट्या खड्यांबद्दल सावध राहा. कंपनीनं २०२०मध्येच सुट्या खड्यांची सर्वसाधारण विक्री आवरती घेण्याचं जाहीर केलं. त्यामुळे आज पुडीत मिळणारा माल जुन्या साठ्यातला तरी असेल, नाहीतर दुसऱ्याच कुणाचा.

घरच्या परीक्षा किती खऱ्या?

वजन, टिचकीचा नाद आणि इंद्रधनुषी चमक यांवरून अंदाज येतो, निकाल नाही. कागदावर घासल्यावर मऊ धातूनं पेन्सिलीसारखी करडी रेघ ओढली तर शिशाची शंका घ्या. रेघ उमटली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, वर मुलामा असतो. ऑनलाइन मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्या पृष्ठभागावरचं शिसं दाखवतात. काचेत बांधलेलं शिसं त्यांना सहसा सापडत नाही. व्हिनेगरमध्ये दागिना बुडवून ठेवण्याचा प्रयोग मुळीच करू नका. त्यानं काहीच सिद्ध होत नाही आणि ते भांडं वाया जातं.

सोनाराकडच्या एक्स-रे यंत्रावर, ज्याला पेढीवर कॅरेटमीटर म्हणतात, दागिना ठेवून बघता येतो. पण ते यंत्र सोन्याच्या मिश्रणासाठी बसवलेलं असतं. धातूत शिसं ‘दिसतंय का’ एवढंच विचारा. खड्याच्या काचेसाठी त्यावरचा टक्का धरून भांडायला जाऊ नका.

प्रयोगशाळेत द्यायचं ठरवलं तर

दोनशे रुपयांच्या झुमक्यासाठी तपासणी परवडत नाही, तो सरळ बाजूला काढा. तपासणीचा विचार तिघांनी करावा: मुलाच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालंय त्यांनी, महागड्या वस्तूबद्दल तक्रार करायची आहे त्यांनी, आणि जे स्वतः विकतात त्यांनी.

आपल्याकडे ‘शिसं’ हा शब्द घराघरात पोचला तो २०१५च्या मॅगी प्रकरणात. नूडल्समध्ये दहा लाख भागांत २.५ भागांहून जास्त शिसं असल्याचे अहवाल आले आणि जूनमध्ये बंदी घातली गेली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांना योग्य ती मान्यता नव्हती, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पुढे न्यायालयानं एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या तीन प्रयोगशाळांकडून नव्यानं तपासणी करायला लावली आणि नमुने पास झाले. तुमच्या हातातला अहवाल कितीही भयंकर असला, तरी प्रयोगशाळेला मान्यता नसेल तर त्याचं वजन नाही. (मॅगीचा २.५ आणि क्रिस्टलचा २,२०,००० हे आकडे शेजारीशेजारी ठेवून घाबरू मात्र नका. नूडल्स पोटात जातात, हार जात नाही.)

देताना आणि अहवाल वाचताना हे बघा:

- एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेचं नाव शोधा. मान्यता काच आणि धातूतल्या शिशाच्या तपासणीसाठी आहे का, हेही पाहा. पाणी किंवा अन्न तपासण्याची मान्यता इथे चालत नाही.
- ‘एकूण शिसं’ मोजून मागा. ‘शिशाची गळती’ ही तपासणी वेगळी आहे. शिशाच्या काचेतून गळती फारशी न सापडणं सहज शक्य असतं, आणि तोच अहवाल ‘लेड-फ्री’ म्हणून दाखवला जातो.
- खडा, धातू आणि रंग यांचे आकडे वेगवेगळे मागा. सगळा दागिना एकत्र दळून काढलेल्या सरासरीत दोष लपतो.
- नमुना तपासणीत नष्ट होतो. एकाच वेळी घेतलेले दोन नग असतील तर एक सीलबंद ठेवा.
- विक्रेत्यानं अहवाल दाखवला तर तारीख, नमुन्याचा फोटो आणि कोणता भाग तपासला हे वाचा. चीनमधल्या कुठल्यातरी साखळीचा पाच वर्षांपूर्वीचा अहवाल तुमच्या झुमक्याचा होत नाही.

मुलानं गिळलं किंवा खूप दिवस चोखलं असेल तर

उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. श्वास लागत असेल, घास उतरत नसेल, लाळ गळत असेल तर १०८ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा. एरवीही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि दागिन्याचा उरलेला भाग बरोबर न्या. धातूचा तुकडा एक्स-रेत दिसतो. तो पोटात अडकून राहणं हीच काळजीची गोष्ट असते. गुळगुळीत काचेचा मणी बहुधा काही दिवसांत आपसूक बाहेर पडतो.

‘रक्तातलं शिसं’ ही तपासणी नाव घेऊन मागा. नेहमीच्या रक्ततपासणीत ती नसते. बोटाच्या टोकाच्या थेंबात बाहेरचं शिसं मिसळू शकतं, म्हणून वाढलेला आकडा शिरेतल्या रक्तावर पक्का करून घेतात. प्रति डेसिलीटर पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शोधताना सगळा दोष हाराला देऊ नका. देवघरातला शेंदूर हा परंपरेनं शिशाचंच ऑक्साईड असतो. सुरमा, भेसळीची पिवळीधमक हळद, घराच्या भिंतीचा जुना रंग, वडिलांचं बॅटरी दुरुस्तीचं काम, हेही डॉक्टरांना सांगा.

तुमचे हक्क, आणि ते वापरायचे कसे

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२०पासून लागू आहे. आपल्या कामाच्या तरतुदी एवढ्याच:

- मालाचा दर्जा, शुद्धता, मानक आणि किंमत जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. जिवाला धोकादायक मालाच्या विक्रीपासून संरक्षण मिळण्याचाही.
- बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीदेखील अनुचित प्रथाच. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही.
- विक्रेत्यानं मालाबद्दल जो दावा केला, त्यात माल कमी पडला तर तो ‘दोष’ ठरतो.

ही शेवटची तरतूद नीट लक्षात घ्या. नकली दागिन्यात इतकंच शिसं असावं, असा सरकारी आकडा तुम्ही दुकानदारासमोर ठेवू शकत नाही. पण त्यानं स्वतः ‘लेड-फ्री’ लिहून दिलं की तोच मापदंड होतो, आणि तपासणीत शिसं निघालं तर दोष सिद्ध करणं सोपं जातं. तोंडी आश्वासनावर हे सगळं अडतं. सोसायटीतल्या ताईंकडून घेतलंत तरी व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून घ्या: काय वस्तू, किती रुपये, खडा आणि धातू कोणता. मैत्रीत कटुता येत नाही, उलट त्यांनाही घाऊक विक्रेत्याला विचारायला निमित्त मिळतं.

ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि मालाचा मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं २०२०चे ई-कॉमर्स नियम सांगतात. मालाच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा. तक्रार गेली की ‘लेड-फ्री’ हा शब्द पानावरून गायब होऊ शकतो. बंद पाकिटातल्या दागिन्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष हे नसेल तर ती तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे जाते.

क्रम असा ठेवा. आधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि पंधरा दिवस द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंद करा. तरीही हललं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता मालाडचा असो की राजकोटचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. कागद लावायला मदत हवी असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना गाठा. ही चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच सुरू केली.

खोट्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. हे खरेदीदारापेक्षा पुढच्या भागातल्या वाचकांनी लक्षात ठेवायचं आहे.

तुम्ही स्वतः करून विकत असाल तर

‘लेड-फ्री’ लिहू नका, जोवर त्याच मालाचा तुमच्या नावाचा अहवाल हातात नाही. घाऊकवाल्याचं ‘ताई, सगळं लेड-फ्रीच आहे’ हा अहवाल नव्हे. त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या आणि ते बिल जपा. उद्या आयोगापुढे तुम्ही विक्रेत्या असाल.

डाग देण्याचं काम स्वयंपाकघरात नको. शिसं-कथलाचा डाग वापरत असाल तर तो सोडून शिसं नसलेला घ्या. मणी भोकताना, घासताना पाण्याखाली धरा, म्हणजे धूळ उडत नाही. काम संपलं की हात धुवून मगच बाळाला घ्या.

अमेरिकेत मोठ्यांसाठीचे सेट भेट म्हणून पाठवायला हरकत नाही. मुलांचे दागिने तिथे विकायचे तर मान्यताप्राप्त त्रयस्थ प्रयोगशाळेची तपासणी आणि मुलांच्या मालाचं प्रमाणपत्र लागतं. वीस सेटांसाठी तो खर्च झेपणारा नाही. नणंदबाईंना सांगा, मोठ्यांचेच मागवा, आणि तिकडे त्या विकणार असतील तर तसं आधी कळवा.

दागिन्याबरोबर द्यायच्या कार्डावर एवढं पुरे:

- खडा: काचेचा क्रिस्टल, शिशाचं प्रमाण तपासलेलं नाही. (तपासलं असेल तर टक्केवारी, प्रयोगशाळेचं नाव आणि तारीख.)
- धातू: पितळ, वर सोनेरी मुलामा. निकेल आहे किंवा नाही.
- कुणासाठी: फक्त मोठ्यांसाठी. मुलांना खेळायला किंवा तोंडात घालायला देऊ नये.
- निगा: मुलामा उडाला किंवा रंग निघू लागला तर वापर थांबवावा. कचऱ्यात टाकताना वेगळ्या कागदात बांधून, वर लिहून, घरगुती घातक कचऱ्यात द्यावा.
- विक्रेता: नाव, फोन, विक्रीची तारीख.